कापूस मुंबई पाहून आला, आता कापूसवाल्याने निघावे



शेतकऱ्याने घराबाहेर पडण्याची मोजकीच कारणे आपल्या समाजाला मान्य आहेत. देवदर्शन, लग्न-मयत, दवाखाना, कोर्टकचेरी आणि आपल्यासारख्यांच्या बाबतीत मोर्चा. यापलीकडे कोणी म्हणाले की, 'आम्ही नवराबायको नुसते पाहायला चाललो,' तर गाव हसते. सावकार म्हणतो, पैसा जास्त झाला काय? बँकेचा साहेब म्हणतो, फिरायला आहेत आणि हप्त्याला नाहीत? सरकारी नोकर रजा-प्रवास सवलत घेऊन सहकुटुंब गोव्याला जातो, त्याला मात्र कोणी असा प्रश्न विचारत नाही. त्याची सहल हा त्याचा हक्क. शेतकऱ्याची सहल म्हणजे उधळपट्टी.

या लेखात मी एक सरळ प्रस्ताव मांडतो आहे. यंदा पऱ्हाटी उपटून झाली की वाशीमहून नऊ दिवसांचा प्रवास काढा. आधी नाशिकची द्राक्षे आणि वाइनचे कारखाने, मग कोकणचा किनारा, रेवसपासून रेडीपर्यंत. सहकुटुंब जा. स्वखर्चाने जा. कृषी खात्याच्या बसमधून, बॅनर लावून, फोटो काढून परत येणारा 'अभ्यास दौरा' नको. आपली गाडी, आपला पैसा आणि आपले प्रश्न.

रस्ता जुना आहे

वऱ्हाडातून पश्चिमेकडे जाणारी वाट काही आज सापडलेली नाही. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला, तो कापसासाठी. आपल्या कारंजावरून मूर्तिजापूर-यवतमाळ धावणारी शकुंतला, तीही कापूस वाहण्यासाठीच टाकली होती. आता ती बंद पडली. गाठी मुंबई बंदरात गेल्या, तिथून बोटीत चढून लँकेशायरच्या गिरण्यांत गेल्या. म्हणजे दीडशे वर्षे आपला कापूस समुद्र पाहतो आहे. तो पेरणाऱ्या, निंदणाऱ्या, वेचणाऱ्यांपैकी किती जणांनी समुद्र पाहिला? गावात हात वर करायला सांगा. मोजायला दोन मिनिटेही लागणार नाहीत.

आता समृद्धी महामार्ग झाला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा. एकूण ७०१ किलोमीटर. त्यातले शंभराच्या जवळपास किलोमीटर आपल्या वाशीम जिल्ह्यातून जातात. ज्याच्या वावरातून रस्ता गेला त्याची मोटारसायकल त्यावर चालत नाही, बैलगाडीचा तर प्रश्नच नाही. दोन्ही बाजूंना कुंपण. मुंबईची गाडी आपल्या शेताजवळून ताशी १२० च्या वेगाने जाते आणि आतल्या माणसाला वाशीम लागले केव्हा, संपले केव्हा, हे कळत नाही. जमिनी आपण दिल्या. तेव्हा त्या रस्त्यावरून एकदा तरी आपण प्रवासी म्हणून गेले पाहिजे.

केव्हा आणि कसे

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरा. कापसाची शेवटची वेचणी झालेली असते, ज्वारीचा कडबा गंजीला लागलेला असतो, उन्हाळी मशागतीला अजून अवकाश असतो. तिकडे नाशिकला याच दिवसांत वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते. कोकणात काजू सुरू झालेला असतो आणि हापूसची पहिली पेटी बाहेर पडायची वेळ असते. म्हणजे आपल्या सुट्टीत त्यांचे काम पाहायला मिळते. दिवाळीत किंवा मे महिन्यात गेलात तर शहरी पाहुण्यांची गर्दी आणि दुप्पट भाडे, एवढेच पदरी पडेल.

शेलू बाजार किंवा कारंजाहून समृद्धीवर चढा. शिर्डी तीनशे किलोमीटरच्या थोडी पुढे आहे. सिन्नरजवळ खाली उतरून नाशिक गाठा. पहाटे निघा, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर बस पेटून २५ माणसे गेली, हे विसरू नका. सरळसोट रस्त्यावर चालकाला गुंगी येते. दर दोन तासांनी गाडी थांबवा आणि निघण्यापूर्वी टायर तपासून घ्या. खेड्यातल्या रस्त्यांवर धावलेले जुने टायर या वेगाला आणि त्या तापलेल्या काँक्रीटला टिकत नाहीत.

नाशिकला काय पाहायचे

गंगापूर धरणाच्या बाजूला, दिंडोरीकडे आणि विंचूरच्या वाइन पार्कमध्ये कारखाने आहेत. बऱ्याच ठिकाणी पैसे भरून आतून फिरवून दाखवतात. आधी फोन करून वेळ घ्या.

आत काय दिसेल? वाइनचे द्राक्ष खायच्या द्राक्षासारखे नसते. मणी बारीक, साल जाड, आत बी. शेतकऱ्याची गाडी आली की रसातली साखर मोजतात, ब्रिक्सच्या मापावर. मग मणी चिरडतात. पांढऱ्या वाइनसाठी साल बाजूला काढून नुसता रस आंबवतात, लाल वाइनसाठी सालीसकट आंबवतात. रंग सालीतून उतरतो. पोलादी टाक्या थंड ठेवतात. यीस्ट साखर खाते आणि तिचे मद्य करते. काही माल पुढे ओक लाकडाच्या पिंपांत महिनोन् महिने राहतो. एवढीच सगळी जादू. आपल्या आयाबाया आंबील करताना जे जाणतात त्याचाच हा थंड, स्वच्छ, मोजूनमापून केलेला मोठा भाऊ.

खरे पाहायचे ते टाकीत नाही, फाटकावर आहे. द्राक्ष आत जाते आणि बाटली बाहेर येते. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागते. शेतकऱ्याला किलोला काय भाव मिळाला ते विचारा, बाटलीवरची किंमत वाचा आणि वहीत लिहून घ्या. मग शेजारी आपला हिशेब लिहा. एक क्विंटल कापूस पिंजला की ३४ किलोच्या आसपास रुई निघते, बाकी सरकी. एका सदऱ्याला पाव किलो रुई धरली आणि गिरणीतली घट सोडली, तरी शंभरावर सदरे होतात. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. म्हणजे एका सदऱ्यामागे शेतकऱ्याच्या वाट्याला ८० रुपयांच्या आसपास, तेही हमीभाव मिळाला तर. पुढचे गणित तुम्ही करा.

द्राक्षाला वाट, कापसाला नाका

हे कारखाने उगवले कसे, हे समजून घेतल्याशिवाय नाशिक पाहिले असे होणार नाही. १९८० च्या दशकात नारायणगावला शॅम्पेन इंडेज उभी राहिली. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत शिकून आलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकला घरच्या जमिनीवर सुला सुरू केली, तिची पहिली वाइन २००० साली बाहेर पडली. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. पुढे वाइनवरच्या विक्रीकराचा मोठा भाग कारखान्यांना परत करण्याची योजनाही चालवली.

त्याच राज्याने कापसाचे काय केले? १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजना लादली. तीस वर्षे महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला आपला कापूस आपल्या मर्जीने विकता आला नाही. राज्याची हद्द ओलांडून कापूस नेणे हा गुन्हा होता. नाक्यावर गाड्या अडवल्या गेल्या, शेतकऱ्यांनी मार खाल्ला. एकाला कारखाना टाकायला सवलत, दुसऱ्याला बाजारात जायलाही बंदी.

ज्वारीचेही तेच. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांसाठी अनुदानाचे धोरण आले. अनुदान कारखान्याला होते, ज्वारी पिकवणाऱ्याला नव्हते.

आणखी एक हिशेब. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षे १५० टक्के आयात शुल्क राहिले. २०२२ साली ऑस्ट्रेलियाशी करार झाला तेव्हा फक्त महागड्या बाटल्यांवरचे खाली आले. कापसावर होते ११ टक्के. तेही १९ ऑगस्ट २०२५ पासून काढले आणि मग ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ऐन आपल्या वेचणीच्या दिवसांत. द्राक्षवाल्याचे छप्पर काढा, असे मी म्हणत नाही. दोघांना एकच मोजपट्टी लावा, एवढेच म्हणणे आहे.

पडझडही पाहा

पण नाशिकहून डोळे दिपवून परत येऊ नका. चकचकीत कारखान्याला वळसा घालून मागच्या गावात जा. २००१ च्या धोरणानंतर वाइनच्या नावाने उड्या पडल्या. कर्जे निघाली, छोटे छोटे कारखाने उभे राहिले, खायच्या द्राक्षाचे बाग काढून वाइनचे लावले गेले. २००८ साली जगात मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. टाक्या भरलेल्या राहिल्या. शेतकऱ्यांची द्राक्षे उचलायला कोणी नव्हते, उचलली त्यांचे पैसे अडकले. अनेकांनी वाइनचे वेल मुळासकट काढून टाकले. नारायणगावची ती मोठी कंपनीही बुडाली.

हे ज्यांनी सोसले त्यांच्याजवळ बसा. त्यांना विचारा, करार लेखी होता का? भाव कोणी ठरवला? साखर कोणाच्या मापावर मोजली? माल नाकारला तर दुसरीकडे विकायची मुभा होती का? वाइनचे द्राक्ष बाजारात नेऊन खायला विकता येत नाही. गिऱ्हाईक एकच असले की पीक कोणतेही असो, शेतकरी वेठबिगार होतो. एकाधिकाराने सरकारच्या हातून आपल्याला जे शिकवले, ते त्यांना कंपनीच्या हातून शिकावे लागले.

आणि एक सांगतो. द्राक्षाची रोपे बांधून आणू नका. त्या बागांखाली गंगापूरसारख्या धरणांचे पाणी आहे, आपल्या वावराखाली मुरूम. आणायचे ते द्राक्ष नव्हे. माल गावाबाहेर जाण्यापूर्वी त्याचे काहीतरी करायचे आणि विकण्याचा हक्क आपल्या हाती ठेवायचा, ही अक्कल आणा.

किनाऱ्याने

नाशिकहून इगतपुरी, तिथून समृद्धीने आमणे, पुढे पनवेल, पेण, अलिबाग. इथून सागरी महामार्ग धरा. हा रस्ता खाड्यांमुळे जागोजागी तुटतो. पूल होतील तेव्हा होतील. तोवर आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा फेऱ्यांनी गाडीसकट पलीकडे जाता येते. घरच्यांना ही फेरीबोटच सर्वांत जास्त आठवणीत राहील. मुरूडला जंजिरा, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे मुक्काम घेत खाली उतरा. भरती-ओहोटीची वेळ गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका आणि गाडी वाळूत घालू नका.

दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासूनचे. तिथे अर्धा दिवस द्या. कोकणात आपल्या तीन-चार पट पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये डोंगरावरच्या वाड्यांना टँकर लागतो. म्हणजे पाऊस पडला की पाणी आले, असे नसते. आंबा-काजूच्या बागा डोंगरभर दिसतील. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने त्यांना जोर दिला. आंबा बागायतदाराला विचारा, मोहोर यायच्या आधी वाशीच्या दलालाची उचल घेतली का? बऱ्याच जणांनी घेतलेली असते. आपल्याकडे कृषी केंद्रवाल्याची उधारी, त्यांच्याकडे दलालाची उचल. आता काही जण हापूसच्या भौगोलिक मानांकनाच्या जोरावर थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवतात. ते कसे करतात, हे नीट बघून घ्या.

शेवटी रेडी. पुढे तेरेखोलची खाडी आणि गोवा. इथे एक गंमत पाहा. काजूच्या फळाला बोंडू म्हणतात. गोव्यात त्याची फेणी होते. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवले. खाडीच्या अलीकडे, आपल्या राज्यात, तेच बोंडू ठिकठिकाणी झाडाखाली कुजते, कारण इकडे तशी भट्टी लावली की पोलीस येतात. झाड तेच, माती तीच, पाऊस तोच. फरक फक्त कायद्याचा.

परतताना आंबोली घाट चढून कोल्हापूर, सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, हिंगोली करत वाशीम.

खर्च किती

सहा माणसांची एक गाडी धरू. दोन हजार किलोमीटरला डिझेल १५ हजार. टोल आणि फेरीबोट ३ हजार. आठ रात्री, तीन खोल्या, खोलीला १२०० प्रमाणे २८,८००. जेवण माणशी दिवसाला ४०० प्रमाणे २१,६००. बेरीज ६८,४००. एका जोडप्याला २२,८००. म्हणजे हमीभावाने पावणेतीन क्विंटलच्या थोडा वर कापूस. ही रक्कम लहान नाही, कोरडवाहूत ती अर्ध्या एकराची कमाई आहे. ज्याला झेपत नाही त्याने कर्ज काढून मुळीच जाऊ नये. त्याने नाशिकचा तीन दिवसांचा प्रवास करावा. किंवा गावाने वर्गणी काढून दोन जोडपी पाठवावीत, परत आल्यावर त्यांनी वही वाचून दाखवावी. पण लग्नात मंडप-वाजंत्रीवर लाख रुपये घालणाऱ्याने हा खर्च परवडत नाही, असे म्हणू नये.

बायामाणसांचा प्रश्न

मायबहिणी विचारतील, गडीमाणसांना दारूचे कारखाने दाखवायला नेता काय? प्रश्न रास्त आहे. दारूने आपल्या गावांत किती कुंकवे पुसली, हे त्यांना सांगायची गरज नाही. म्हणूनच सांगतो, एकट्या गड्यांनी जाऊ नये. कारखाना पाहायला घोट घ्यावा लागत नाही. जो गाडी चालवतो त्याने तर वासही घेऊ नये. वही बाईच्या हाती द्या. घरचा हिशेब तिलाच कळतो आणि फाटकावर चार प्रश्न तीच बिनधास्त विचारील.

दुसरेही एक कारण आहे. कापूस वेचते बाई. बोंडाच्या टोकांनी बोटे तिची फाटतात. तिच्या ओच्यातून निघालेला कापूस सातासमुद्रापार गेला आणि ती फार तर माहेर आणि पंढरपूर इतकीच फिरली. तिने गणपतीपुळ्याच्या वाळूत उभे राहून समुद्र पाहिला तर त्यातून काय फायदा होणार, असे कोणी विचारू नये. त्याचा हिशेब वहीत लिहायचा नसतो. नोकरदाराला विसावा लागतो, हे सरकारला कळते. शेतकऱ्यालाही लागतो, हे निदान आपल्याला तरी कळावे.

पुढे

रस्ता एकाच दिशेने जात नसतो. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण केले. नाशिक, पुणे, कोकणातले शेतकरी पाहुणे ठेवतात. समृद्धीवरून लोणार जवळ आहे, कारंजा आहे, शिरपूर जैन आहे, पोहरादेवी आहे, आणि आपल्याकडे हुरडा आहे. शहरातला माणूस पैसे देऊन हुरडा खायला कुठवर जातो, हे प्रवासात विचारून या. ज्वारी कमी झाली, सोयाबीन वाढले, हे खरे. पण कडब्याला आणि हुरड्याला गिऱ्हाईक असेल तर दोन एकर ज्वारी परत येऊ शकते. हे घरी बसून ठरणार नाही, फिरून ठरेल.

म्हणून जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने निदान एका गाडीची सहा नावे आणावीत, त्यातली तीन बायकांची. तारीख, मुक्काम आणि चालक कोण, तेही ठरवून आणावे. होळीनंतरच्या बैठकीत सहाही जणांच्या वह्या वाचल्या जातील. नुसते मंदिरांचे आणि हॉटेलांचे वर्णन चालणार नाही, करार, भाव आणि फाटकाचा हिशेब लागेल. समुद्राचे वर्णन मात्र प्रत्येकाने हवे तेवढे करावे.